मुक्त हार्डवेअर ग्राफिक्स कार्डासाठी विस्तार बस कोणती घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एफपीजीए, म्हणजे आतले सर्किट नंतर भरता येते अशी चिप, वापरून स्वतःचे ग्राफिक्स कार्ड आखणाऱ्यांसाठी हे पान आहे. सर्किट, पीसीबी आणि एचडीएल कोड (चिपच्या आतल्या सर्किटाचे वर्णन), सगळे खुले ठेवून काम करणाऱ्यांना नजरेसमोर ठेवून उत्तरे दिली आहेत. रेंडरिंगचे गणित इथे नाही. कार्ड आणि संगणक यांच्यामधल्या दुव्यापुरतेच बोलू, कारण पहिल्या आवृत्तीची बहुतेक कार्डे तिथेच अडतात.

एका वाक्यात सांगायचे तर कोणती बस घ्यावी?

नवे कार्ड असेल तर पीसीआय एक्सप्रेस (पीसीआयई), स्लॉटमध्ये जाणारी कड चार लेनची (एक लेन म्हणजे जाण्याच्या आणि येण्याच्या तारांची एकेक जोडी), दुसऱ्या पिढीचा वेग, आणि एफपीजीए असा की ज्याच्या सिलिकॉनमध्येच पीसीआयई ब्लॉक आहे. जुनी यंत्रे जिवंत ठेवण्यासाठी कार्ड करत असाल तर साधी ३२ बिटांची पीसीआय. बाकीचे पर्याय खास कारण असेल तरच.

बस बदलली तरी ग्राफिक्सच्या कोडला हात लावावा लागू नये, अशी रचना पहिल्या दिवसापासून ठेवा. होस्टकडचा भाग एका बाजूला, ग्राफिक्स दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये विशबोन किंवा एएक्सआयसारखी चिपच्या आतली उघडी बस. टीएलपी (पीसीआयईचे पॅकेट), बार (कार्डाची मेमरी प्रोसेसरच्या कोणत्या पत्त्यावर दिसते ते ठरवणारे रजिस्टर), कॉन्फिगरेशन स्पेस (कार्डाची ओळख देणारी रजिस्टरे) हे शब्द ग्राफिक्सच्या मॉड्यूलमध्ये दिसू लागले, की ते कार्ड त्या एका स्लॉटला कायमचे बांधले गेले असे समजा.

१०८० रेषांचा पडदा ६० हर्ट्झने चालवायचा तर बसला किती वेग लागतो?

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. १९२० × १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एक फ्रेम साधारण ८.३ मेगाबाइटची. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर ४९८ मेगाबाइट. साध्या पीसीआयची कमाल १३३ आहे, तेव्हा ती निकालात, असे लोक म्हणतात.

पण हे ४९८ मेगाबाइट बसवरून जातच नाहीत. पडद्याला लागणारी फ्रेम कार्डावरच्या मेमरीतून वाचली जाते. बसवरून येतात त्या आज्ञा, टेक्श्चर, शिरोबिंदू आणि पडद्याचा बदललेला भाग. म्हणून आधी कार्डावरच्या मेमरीचा हिशेब करा. १६ बिट रुंदीची डीडीआर३ मेमरी सेकंदाला ८०० मेगाट्रान्सफरने चालवली तर कमाल १.६ गिगाबाइट मिळतात. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता पडदा दाखवण्यात जातो आणि उरलेल्यात चित्र काढायचे असते. बस कितीही रुंद असली तरी हे गणित बदलत नाही.

प्रोसेसरनेच सगळी फ्रेम रंगवून कार्डाला पाठवायची असेल, उदाहरणार्थ प्रवेग नसलेल्या डेस्कटॉपवर व्हिडिओ, तर मात्र पूर्ण ओझे बसवर येते. ६४० × ४८० ला ७४ मेगाबाइट प्रति सेकंद लागतात, ते पीसीआयवर कसेबसे बसतात. १०२४ × ७६८ ला १८९ लागतात, ते बसत नाहीत.

मग प्रत्यक्षात कोणत्या बसवर किती मिळते?

पीसीआय ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ: कागदावर १३३ मेगाबाइट, लांब बर्स्ट (एका दमात सलग माहिती) दिले तर हाती साधारण ८० ते ११०. ६४ बिट, ६६ मेगाहर्ट्झ: कागदावर ५३३.

पीसीआयई पहिल्या पिढीत एका लेनला एका दिशेने २५० मेगाबाइट मिळतात. ८ बिटांचे १० करून पाठवण्याचा खर्च यात आधीच वजा आहे. त्याशिवाय प्रत्येक पॅकेटला हेडर, क्रमांक, सीआरसी आणि चौकट मिळून २० ते २४ बाइट लागतात. डेस्कटॉपवर पॅकेटमधला माल बऱ्याचदा १२८ बाइटांपुरताच असतो, म्हणून १२८ भागिले १४८, म्हणजे ८६ टक्के. पोचपावत्यांची पॅकेटे धरून एका लेनला २०० च्या आसपास. दुसऱ्या पिढीत याच्या दुप्पट. चार लेन दुसऱ्या पिढीने चालल्या तर दीड गिगाबाइटच्या पुढे जाता येते, आणि छंद म्हणून किंवा संशोधनासाठी केलेल्या एफपीजीए कार्डाला ते पुरून उरते.

ओपन ग्राफिक्स प्रोजेक्टने तर पीसीआय-एक्स घेतले होते. ते चूक होते का?

नाही. खुले ग्राफिक्स कार्ड करण्यासाठी टिमथी मिलर यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या त्या प्रकल्पाचे ओजीडी१ हे विकास-कार्ड आजही अभ्यासावे असे आहे. त्यावर दोन एफपीजीए होते. ग्राफिक्ससाठी झायलिंक्सचा मोठा स्पार्टन-३ ४०००, आणि बससाठी लॅटिसचा छोटा एक्सपी१०. कड ६४ बिटांची पीसीआय-एक्स, म्हणजे पीसीआयचीच वेगवान समांतर आवृत्ती, पीसीआय एक्सप्रेस नव्हे.

ही विभागणी विचारपूर्वक होती. स्पार्टन-३ बाहेरच्या फ्लॅशमधून भरावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. लॅटिस एक्सपीच्या पोटातच फ्लॅश असल्याने वीज येताच तो तयार होतो. यंत्र चालू झाल्यावर बायोस स्लॉट तपासायला येईपर्यंत एक्सपी१० उत्तर द्यायला उभा असतो, मोठा एफपीजीए मागून भरला तरी बिघडत नाही. ग्राफिक्सचा प्रयोग फसून स्पार्टन अडकला तरी संगणक अडकत नाही, हा दुसरा फायदा. त्या काळी परवडणाऱ्या एफपीजीएंमध्ये पीसीआयईला लागणारे २.५ गिगाबिटचे ट्रान्सीव्हर नव्हते. समांतर बस घेणे तेव्हा बरोबरच होते.

आज पीसीआयवर कार्ड करण्यात अर्थ आहे का?

दोन कारणांसाठी आहे. एक, शिकण्यासाठी: पीसीआयचा प्रत्येक सिग्नल साध्या लॉजिक अ‍ॅनालायझरवर दिसतो. टार्गेटला (फक्त उत्तर देणाऱ्या कार्डाला) किमान ४७ आणि मास्टरला (स्वतः व्यवहार सुरू करणाऱ्या कार्डाला) ४९ पिना लागतात, आणि ओपनकोअर्सवर पीसीआय ते विशबोन असा खुला कोअर, म्हणजे पुन्हा वापरता येणारा एचडीएल कोड, तयार आहे. दोन, जुनी यंत्रे.

नव्या मदरबोर्डसाठी मात्र नको. इंटेलच्या २०११ च्या सहाव्या मालिकेपासून घरगुती चिपसेटमधून पीसीआय गेली. त्यानंतरच्या बोर्डांवर पीसीआयचा स्लॉट दिसला तरी मागे बहुधा ब्रिज चिप असते. चाचणीसाठी खरा स्लॉट हवा असेल तर जुना बोर्ड शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या जुन्या मालाच्या दुकानांत चौकशी करता येते. बोर्ड घेताना स्लॉटमधली खाच कुठे आहे ते पाहून घ्या, कारण तीवरून स्लॉट ५ व्होल्टचा की ३.३ चा ते ठरते.

पीसीआय कार्डात सर्वाधिक काय चुकते?

व्होल्टेज. डेस्कटॉपचे जुने स्लॉट ५ व्होल्ट सिग्नलचे असतात आणि स्पार्टन-३ पासून पुढचे बहुतेक एफपीजीए ५ व्होल्ट सहन करत नाहीत. मध्ये क्विकस्विच किंवा सीबीटीडी जातीचे बस-स्विच घाला. साध्या स्विचला ५ व्होल्टवरून एक डायोड टाकून साधारण ४.३ व्होल्ट दिले की पलीकडे ३.३ च्या वर काही जात नाही, आणि विलंबही नगण्य राहतो. नेहमीचे दिशादर्शक बफर वापरू नका. ३३ मेगाहर्ट्झला क्लॉकपासून आउटपुटपर्यंत ११ नॅनोसेकंद आणि सेटअपला ७ एवढीच सवलत असते, बफर ती खाऊन टाकतो.

लांबी. पीसीआयला टर्मिनेशन नाही. ओळीच्या टोकावरून परतणारी लाट धरूनच सिग्नल पूर्ण होतो. त्यामुळे कार्डावरचा ३२ बिटांचा कोणताही ट्रेस ३८ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे दीड इंचापेक्षा लांब नको. ६४ बिटांच्या वाढीव सिग्नलांना दोन इंच चालतात. क्लॉकचा ट्रेस मात्र अडीच इंच, अधिक-उणे एक दशांश. तो मुद्दाम नागमोडी काढून तेवढा भरावा लागतो. एका सिग्नलवर कार्डाचा एकच भार हवा, तीच ओळ दोन चिपना जोडता येत नाही.

आणि वीज. जुन्या बोर्डांवर ३.३ व्होल्टच्या पिनांवर वीज असेलच असे नाही. ५ व्होल्टवरून स्वतःचा रेग्युलेटर लावा. पीआरएसएनटी१ आणि पीआरएसएनटी२ यांतली किमान एक पिन ग्राउंडला जोडायला विसरलात, तर काही बोर्ड स्लॉट रिकामा समजतात.

एजीपी?

नको. १९९७ च्या सुमारास आली, २००४ पासून पीसीआयईने तिची जागा घेतली. तीन वेगवेगळे सिग्नल व्होल्टेज, बोर्डावर एकच स्लॉट, आणि जलद मोड वापरायचे तर चिपसेटच्या गार्टशी, म्हणजे पत्ते बदलून देणाऱ्या तक्त्याशी, गाठ. एजीपी कार्ड ६६ मेगाहर्ट्झच्या पीसीआयसारखे वागू शकते, पण तेवढ्यासाठी मेहनत घ्यायची तर सरळ पीसीआयच करा.

माझ्या एफपीजीएत जलद ट्रान्सीव्हर नाहीत. तरी पीसीआयई जमेल का?

जमेल, दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे बाहेरचा पीएचवाय, तारांवरचा जलद सिग्नल सांभाळणारी वेगळी चिप. टीआयचा एक्सआयओ११०० किंवा एनएक्सपीचा पीएक्स१०११, दोन्ही एका लेनचे, पहिल्या पिढीचे. एफपीजीएकडे ते पाइप नावाचा समांतर इंटरफेस देतात. वरचे सगळे थर, म्हणजे लिंक आणि ट्रान्झॅक्शन, तुम्हाला एफपीजीएत लिहावे लागतात. चुकलेली पॅकेटे पुन्हा पाठवणारा रिप्ले बफर आणि समोर किती जागा आहे ते सांगणाऱ्या क्रेडिटचा हिशेब आला, म्हणजे काही महिन्यांचे काम.

दुसरी वाट ब्रिजची. टीआयचा एक्सआयओ२००१ किंवा पीएलएक्सचा पीईएक्स८१११ एका लेनच्या पीसीआयईला ३२ बिट, ६६ मेगाहर्ट्झ पीसीआयमध्ये बदलतो. चार लेन आणि पीसीआय-एक्स हवे असेल तर पीईएक्स८११४. चाललेली पीसीआय रचना हाताशी असेल तर हा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग आहे. लिंक उभी करण्याचे काम ब्रिज करतो, एफपीजीएला ट्रान्सीव्हर लागत नाही. तोटा वाचनात दिसतो: पलीकडच्याला किती बाइट हवे आहेत ते ब्रिजला पीसीआयवर आधी कळत नाही, म्हणून तो अंदाजाने आगाऊ वाचतो आणि अंदाज चुकला की टाकून देतो. आणखी एक, अशा चिपा बाजारातून हळूहळू कमी होत जातात. पीसीबी काढायला घेण्याआधी दोन पुरवठादारांकडे साठा बघा.

एफपीजीए कोणता?

झायलिंक्सचा आर्टिक्स-७ हा आज सर्वांत चाललेला रस्ता. त्यात चार लेनचा, दुसऱ्या पिढीचा हार्ड ब्लॉक आहे, आणि त्यावर लाइटपीसीआयई हा खुला कोअर डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता कार्डाने थेट मुख्य मेमरी वाचणे-लिहिणे) आणि लिनक्स ड्रायव्हरचा सांगाडा देतो. सुरुवातीला स्वतःची पीसीबी न करता लाइटफ्युरीसारख्या तयार एम.२ बोर्डवर, म्हणजे एक्ससी७ए१००टी आणि चार लेनवर, होस्टकडचा सगळा भाग पक्का करून घ्यावा. नंतर स्वतःच्या कार्डावर काही चालले नाही तर दोष पीसीबीत आहे की कोडमध्ये, हे लगेच वेगळे करता येते.

पूर्ण खुल्या साधनांचाच आग्रह असेल तर लॅटिस ईसीपी५. प्रोजेक्ट ट्रेलिस, योसिस आणि नेक्स्टपीएनआर यांनी त्याची बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची फाइल) कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय तयार होते. एलएफई५यूएम प्रकार पहिल्या पिढीच्या वेगापर्यंत, एलएफई५यूएम५जी दुसऱ्या पिढीपर्यंत. नुसता एलएफई५यू घेऊ नका, त्यात ट्रान्सीव्हरच नाहीत. नावातल्या एका अक्षराचा हा फरक ऑर्डर देताना सहज निसटतो. ईसीपी५मध्ये लिंक आणि ट्रान्झॅक्शन थराचा हार्ड ब्लॉकही नाही, तो भाग लॉजिकमध्ये बसवावा लागतो आणि तिथे बरीच जागा जाते.

हार्ड ब्लॉक बंदिस्त असेल तर कार्डाला मुक्त म्हणायचे कसे?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि टाळू नये. सिलिकॉनमधला ब्लॉक आपल्याला बदलता येत नाही, जसा मेमरी चिपच्या आतला भाग बदलता येत नाही. त्याच्याभोवतीचे सगळे, म्हणजे सर्किट, पीसीबी, डीएमए, ग्राफिक्स, ड्रायव्हर, खुले ठेवा. ब्लॉक कुठला, त्याची सीमा कुठे, आणि कंपनीच्या कोणत्या साधनांनी बिटस्ट्रीम बनते, हे रीडमीमध्ये स्पष्ट लिहा. होस्टकडचा भाग वेगळा ठेवण्याचा आग्रह इथेही कामी येतो: उद्या खुला लिंक कोअर पुरेसा पक्का झाला की तेवढाच भाग बदलता येईल. परवान्यासाठी सर्न ओएचएल या खुल्या हार्डवेअर परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे एस (बदल खुले ठेवण्याची कडक अट), डब्ल्यू (सौम्य अट) आणि पी (अशी अट नाही) असे तीन प्रकार आहेत. बंद ब्लॉकशी जोडणी असलेल्या कार्डाला डब्ल्यू बहुधा सोयीचा पडतो.

पीसीआय-एसआयजी या मानके ठरवणाऱ्या संस्थेची मानके मोफत मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्या. मानकाची पाने तशीच्या तशी प्रकल्पाच्या भांडारात ठेवू नका. मानक वाचून स्वतः लिहिलेला कोड ठेवायला हरकत नाही.

एक लेन, चार की सोळा?

चार. चार लेनचे कार्ड चार, आठ आणि सोळा लेनच्या स्लॉटमध्ये बसते, आणि मागची बाजू उघडी असलेल्या एका लेनच्या स्लॉटमध्येही. चार लेनच्या कार्डाने एका लेनवरही चालले पाहिजे असा नियम आहे, दोन लेनवर चालणे ऐच्छिक. सोळा लेनची कड नुसती दिसायला ठेवण्यात दोनच व्यवहारी फायदे आहेत: स्लॉटची पकड आणि ७५ वॅटची सवलत. आर्टिक्स वर्गाच्या कार्डाला तेवढी वीज लागत नाही.

कडेवर पीआरएसएनटी१, म्हणजे ए१, ही पिन सर्वांत दूरच्या पीआरएसएनटी२शी जोडायची. एका लेनला बी१७, चार लेनना बी३१.

यंत्र गार अवस्थेतून सुरू केले की कार्ड दिसत नाही, रीबूट केले की दिसते. का?

या पानावर सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच. कारण जवळजवळ नेहमी एकच असते: एफपीजीए भरायला उशीर.

वीज स्थिर झाल्यापासून किमान १०० मिलिसेकंदांनी पर्स्ट, म्हणजे कार्डाचा रीसेट सिग्नल, सुटतो, आणि त्यानंतर २० मिलिसेकंदांच्या आत कार्डाने लिंक जुळवायला सुरुवात करावी लागते. म्हणजे हाती साधारण १२० मिलिसेकंद. आता एक्ससी७ए१००टीची बिटस्ट्रीम ३०.६ मेगाबिटची. एका तारेच्या एसपीआय फ्लॅशवरून, मूळच्या ३ मेगाहर्ट्झ क्लॉकने, ती भरायला दहा सेकंद लागतात. तोवर बायोसने स्लॉट तपासून पुढे पाऊल टाकलेले असते. रीबूट करताना वीज जात नाही, एफपीजीए आधीच भरलेला असतो, म्हणून तेव्हा सगळे सुरळीत दिसते.

उपाय या क्रमाने करा. फ्लॅश चार तारांनी जोडा आणि क्लॉक ५० मेगाहर्ट्झपर्यंत न्या, वेळ १५३ मिलिसेकंदांवर येतो. बिटस्ट्रीम संकुचित करा. चिप अर्धी रिकामी असेल तर यानेच काम भागते. लहान चिप घ्या: एक्ससी७ए५०टीची १७.५ मेगाबिट याच वेगाने ८८ मिलिसेकंदांत भरते. एक्ससी७ए२००टीला मात्र ३८९ लागतात, तिथे दोन टप्प्यांत भरण्याची सोय पाहावी लागते. बरेच बोर्ड प्रत्यक्षात जास्त वेळ थांबतात, म्हणून तुमच्या टेबलावर १५३ चालून जाईल. दुसऱ्याच्या टेबलावर चालेलच याची खात्री नाही.

निदान पक्के करायचे तर यंत्र चालू करून बायोसच्या पडद्यावर दहा-बारा सेकंद थांबा आणि मग रीसेट दाबा. कार्ड दिसले, तर दोष वेळेचाच.

पीसीबीवर कशाकडे लक्ष द्यावे?

पहिली गोष्ट नावांची. कनेक्टरवरची पीईटी आणि पीईआर ही नावे मदरबोर्डाच्या नजरेतून दिलेली आहेत. पीईटी म्हणजे बोर्ड पाठवतो, कार्ड ऐकते. म्हणून कार्डाचा ट्रान्समीटर पीईआर पिनांना जातो, पहिल्या लेनला ए१६ आणि ए१७. हे उलट जोडलेले कार्ड दुरुस्त होत नाही, पीसीबी पुन्हा करावी लागते. जोडीतल्या पी आणि एन या दोन तारा एकमेकींच्या जागी गेल्या तर मात्र काळजी नको, रिसीव्हरने ते ओळखून सुधारणे बंधनकारक आहे. व्हाया (थरांना जोडणारी छिद्रे) वाचवण्यासाठी ही अदलाबदल खुशाल वापरा.

कपॅसिटर पाठवणाऱ्याच्या बाजूला असतात. कार्डावर ते फक्त पीईआरकडे जाणाऱ्या जोड्यांवर, १०० नॅनोफॅरड, ०४०२ किंवा ०२०१ आकाराचे, आणि जोडीत समोरासमोर. तिसऱ्या पिढीला २२० नॅनोफॅरड. पीईटीच्या जोड्यांवर कपॅसिटर आधीच मदरबोर्डावर आहेत, तिथे पुन्हा लावू नका.

एका जोडीतल्या दोन तारांच्या लांबीतला फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत ठेवा. एक लेन आणि दुसरी लेन यांच्यात मात्र लांबी जुळवत बसू नका. पहिल्या पिढीत रिसीव्हर २० नॅनोसेकंदांपर्यंतचा फरक भरून काढतो, दुसऱ्या पिढीत ८ पर्यंत. लेन जुळवण्यासाठी काढलेल्या नागमोडी वळणांनी नुकसानच होते. जोडीचा इम्पीडन्स पहिल्या पिढीच्या काळात १०० ओम डिफरन्शियल धरत, नंतर ८५ ओम. चार थरांच्या बोर्डवर फॅब्रिकेटरकडून थरांची जाडी आधी मागवून घ्या आणि त्यावरून तारेची रुंदी ठरवा.

कडेच्या गोल्ड फिंगरखालचे पॉवर आणि ग्राउंड प्लेन काढून टाका. बोर्डची जाडी १.५७ मिलिमीटर, कडेला २० अंशांची तिरपी छाट, आणि सोन्याचा मुलामा कठीण प्रकारचा मागा. एनिग हा पातळ मुलामा काही डझन वेळा घालण्या-काढण्यात घासून जातो, आणि विकासाच्या काळात कार्ड तेवढ्या वेळा सहज निघते.

क्लॉक बोर्डाकडून येणारा १०० मेगाहर्ट्झचाच वापरा, ए१३ आणि ए१४. बोर्ड बहुधा त्यात अर्धा टक्क्यापर्यंत स्प्रेड-स्पेक्ट्रम घालतो. कार्डावर वेगळा ऑसिलेटर लावला तर दोन क्लॉकमधला फरक मर्यादेबाहेर जातो आणि लिंक जुळून-जुळून तुटते.

विजेचे काय?

चार लेनच्या स्लॉटला २५ वॅट: १२ व्होल्टवर २.१ अँपिअर आणि ३.३ वर ३. एका लेनच्या स्लॉटवर सुरुवातीला १० वॅटच धरा. पीसीआयईच्या स्लॉटवर ५ व्होल्ट नसतात, हे पीसीआयवरून आलेले हमखास विसरतात. एचडीएमआय आणि डीव्हीआयच्या कनेक्टरला ५ व्होल्ट द्यावेच लागतात, नाहीतर मॉनिटरची ईडीआयडी माहिती वाचता येत नाही आणि पडदा काळा राहतो. १२ वरून एक छोटा बक रेग्युलेटर ठेवा. एचडीएमआयला किमान ५५ मिलिअँपिअर द्यावे लागतात.

बार कसे आखावेत?

दोन ठेवा. रजिस्टरांसाठी छोटा, नॉन-प्रीफेचेबल (आगाऊ वाचू नये असा). फ्रेमबफरसाठी मोठा, ६४ बिटांचा, प्रीफेचेबल, आणि ड्रायव्हरमध्ये राइट-कंबाइनिंगने (छोटी लेखने एकत्र करून पाठवत) मॅप केलेला. दोन्ही एकाच बारमध्ये घातले तर एकतर फ्रेमबफर मंदावतो किंवा रजिस्टरला लिहिलेले उशिरा आणि एकत्र होऊन पोचते. आकार दोनच्या घातातच. जुन्या बोर्डांवर २५६ मेगाबाइटच्या वर गेलात की जागा न मिळण्याची तक्रार येते.

प्रोसेसरकडून कार्डावरचे वाचन टाळा. लिहिणे पाठवून मोकळे होता येते, वाचनाला उत्तराची वाट पाहावी लागते. एका वाचनाला एक मायक्रोसेकंद धरला आणि एका वेळी ४ बाइट, तर १०८० रेषांचा एक पडदा परत वाचायला २० लाख ७३ हजार ६०० वाचने, म्हणजे दोन सेकंद लागतात. खिडकी सरकवताना डेस्कटॉप गोठतो तो यामुळे. ड्रायव्हरने फ्रेमची सावली-प्रत मुख्य मेमरीत ठेवावी, किंवा कार्डाने डीएमएने परत लिहावे.

एआरएम बोर्डावर आणखी एक खड्डा आहे: डिव्हाइस म्हणून मॅप केलेल्या मेमरीवर सरळ जागेत न बसणारा अ‍ॅक्सेस केला की प्रोसेसर फॉल्ट देतो. एक्स८६वर चाललेला मेमकॉपी तिथे कोसळतो.

डीएमए कधी चालते, कधी यंत्र गोठते.

आधी ४ किलोबाइटची सीमा तपासा. कोणतीही विनंती ही सीमा ओलांडू शकत नाही. ओलांडली तर पॅकेट विद्रूप ठरते आणि काही बोर्ड थेट थांबतात. बफर सीमेवर सुरू होतो तेव्हा सगळे ठीक, नाही तेव्हा गोठते, म्हणून हा दोष लहरी वाटतो. दुसरे, एका वाचनाचे उत्तर ६४ बाइटांच्या सीमेवर तुटून अनेक तुकड्यांत येते. एकच तुकडा येईल असे धरून लिहिलेला कोड एका बोर्डवर चालतो, दुसऱ्यावर नाही.

विकास करताना आयओएमएमयू, म्हणजे कार्डाला कोणत्या पत्त्यांवर जाता येईल ते ठरवणारा भाग, चालू ठेवा. कार्डाने चुकीच्या पत्त्यावर लिहिले तर कर्नलच्या लॉगमध्ये नोंद येते, डिस्कवरचा मजकूर खराब होत नाही.

इंटरप्टसाठी एमएसआय वापरा. ते स्वतःच मेमरीत लिहिणे असल्याने आधीच्या डीएमएला मागे टाकून पुढे जात नाही. पीसीआयच्या जुन्या तारेचा इंटरप्ट माहितीच्या आधी पोचू शकतो, तिथे एक रजिस्टर वाचून मगच बफर बघावा.

बूट होताना पडद्यावर काहीच येत नाही.

येणारही नाही, कारण कार्डावर त्यासाठीचा रॉम नाही. यूईएफआय यंत्राला एक्स्पान्शन रॉममध्ये जीओपी, म्हणजे बूटच्या वेळी चित्र दाखवणारा, ड्रायव्हर लागतो. तो प्रोसेसरच्या जातीनुसार वेगळा संकलित करावा लागतो आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला रॉम नाकारला जातो. जुन्या बायोसला पूर्ण व्हीजीए हवे: ६४० किलोबाइटनंतरची १२८ किलोबाइटची खिडकी, ३सी० ते ३डीएफ हे पोर्ट, आणि ५५ एए ने सुरू होणारा रॉम.

पहिल्या आवृत्तीत हे करू नका. क्लास कोड ०३०००० न देता ०३८००० द्या, म्हणजे फर्मवेअर कार्डाकडून व्हीजीएची अपेक्षा धरत नाही. यंत्राचा स्वतःचा डिस्प्ले मुख्य ठेवा आणि तुमचे कार्ड लिनक्समध्ये डीआरएम (कर्नलमधला ग्राफिक्सचा) ड्रायव्हर चढल्यावर उजळू द्या.

व्हेंडर आयडी कुठून आणावा?

कार्ड कोणत्या कंपनीचे ते सांगणारा हा क्रमांक पीसीआय-एसआयजीच्या सदस्यत्वाबरोबर मिळतो. स्वतःच्या टेबलावर झायलिंक्सच्या कोअरचा मूळचा १०ईई चालेल, पण विकायच्या कार्डावर तो तसाच ठेवू नका. दुसऱ्या कुणाचा ड्रायव्हर तुमच्या कार्डाला चिकटेल आणि दोष शोधताना तुमच्या वापरकर्त्याचे दिवस जातील.

एम.२, यूएसबी, थंडरबोल्ट?

एम.२ म्हणजे तीच पीसीआयई, फक्त १२ व्होल्ट नाहीत आणि मॉनिटरचा कनेक्टर बसवायला मागची पट्टी नाही. प्रयोगाला छान, कार्ड म्हणून अपुरे. यूएसबीवर कार्डाची मेमरी प्रोसेसरच्या पत्त्यांत येत नाही, ते वेगळ्याच जातीचे यंत्र होते. थंडरबोल्टसाठी कार्डावर काही करू नका. तयार डबा घ्या, त्यात साधे पीसीआयई कार्ड चालते.

चार लेनचे कार्ड एकाच लेनवर जुळते. कुठे बघू?

लिनक्सच्या एलएसपीसीआय या आज्ञेच्या सविस्तर उत्तरात लिंक-कॅप आणि लिंक-स्टेट या ओळी शेजारी ठेवा. आधी स्लॉट तपासा, बऱ्याच बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट आतून चारच किंवा एकच लेनचा असतो. मग कार्ड काढून फिंगर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही एकच लेन आली तर दुसऱ्या लेनचे कपॅसिटर भिंगाखाली पाहा. ०२०१ आकाराचा कपॅसिटर एका टोकावर उभा राहिलेला सापडतो, तो वरून नीट बसल्यासारखाच दिसतो. लेन शून्यच (म्हणजे पहिलीच) मेली असेल तर लिंक बहुधा मुळीच जुळत नाही, म्हणून एका लेनवर जुळते आहे हे चांगले लक्षण समजा.

सगळ्या रजिस्टरांत सगळे एफ दिसत असतील, तर कार्ड बसवरून गेलेले आहे. जेटॅगने, म्हणजे चिप थेट भरण्याच्या जोडणीने, एफपीजीए पुन्हा भरल्यावर हे होणारच. भरण्याआधी लिनक्सच्या सिसएफएसमधून उपकरण काढून टाका, भरा, मग रीस्कॅन करा. बारचे आकार पूर्वीचेच ठेवलेत तर यंत्र बंद न करता दिवसभर काम करता येते. बदलले असतील तर जागा मिळेलच असे नाही, तेव्हा मात्र रीबूट करा.

कार्ड हातात येण्याआधी ड्रायव्हर लिहायला घेता येईल का?

अवश्य घ्या. क्यूईएमयू या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एज्यू नावाचे शिकाऊ पीसीआय उपकरण आहे, त्यात रजिस्टर, डीएमए आणि इंटरप्ट तिन्ही आहेत. बॉक्स-डिस्प्ले हे उपकरण साध्या फ्रेमबफर कार्डाचा नमुना म्हणून घेता येते. एचडीएलच्या बाजूला कोकोटीबी (पायथनमध्ये एचडीएलच्या चाचण्या लिहिण्याचे साधन) आणि तिची पीसीआयई जोडणी वापरून ४ किलोबाइटची सीमा, तुटून आलेली उत्तरे आणि क्रेडिट संपणे या तिन्ही चाचण्या आधीच लिहून ठेवा. पीसीबी फॅब्रिकेशनला जाऊन परत येईपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. तेवढ्यात या तीन चाचण्या हिरव्या झाल्या असतील, तर कार्ड स्लॉटमध्ये घातल्यावर शोधायचे दोष फक्त सोल्डरचे आणि वेळेचे उरतात.